रेवदंड्याची वाळू आणि वऱ्हाडची गादी

श्रोतेहो, आम्हां वऱ्हाडकरांचा आणि समुद्राचा संबंध तो काय, असा प्रश्न ह्या भाषणाचा विषय ऐकताच आपणांपैकी कित्येकांच्या मनात उभा राहिला असेल. आणि तो गैर आहे असे मी म्हणणार नाही. अकोला काय किंवा अमरावती काय, कोठूनही कोकणचा किनारा गाठावयाचा म्हणजे एक रात्र आगगाडीत आणि वर निम्मा दिवस हिंडण्यात जावयाचा. आमच्या पाण्यानेही कोकणशी कधी सोयरीक केली नाही. मोर्णा आणि काटेपूर्णा ह्या पूर्णेस मिळतात, पूर्णा चांगदेवापाशी तापीस मिळते, आणि तापी सुरतेवरून पुढे जाऊन डुमसजवळ समुद्रास मिळते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्वेकडचे पाणी वर्धा नदीत उतरते, आणि प्राणहिता व गोदावरी ह्यांच्या वाटेने थेट बंगालच्या उपसागरास जाते. म्हणजे आमच्या अंगणात पडलेला पाऊस दोन समुद्रांस पोहोचतो, पण कोकणच्या वाळूस त्याचा थेंबही लागत नाही.

असे असूनही गेल्या पौषात मी सहकुटुंब कोकणात रेवदंड्यास जाऊन आलो, आणि तेथून परतताना वऱ्हाडच्या इतिहासाचे एक पान, जे मी वर्गात वर्षानुवर्षे वाचून दाखविले, ते मला नव्याने वाचावे लागले. त्याचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

जाण्याचे कारण अगदी साधे होते. नातवंडांनी समुद्र पाहिला नव्हता. घरच्या मंडळींचे गुडघे कुरकुरतात, तेव्हा फार चढउतार नको, फार गर्दी नको, पाणी उथळ असावे, मुलांवर डोळा ठेवून सावलीत बसता यावे, एवढ्याच आमच्या अटी. एका परिचितांनी रेवदंड्याचे नाव सुचविले. कुंडलिका नदी जेथे समुद्रास मिळते त्या मुखाच्या उत्तर अंगास हे गाव आहे. अलिबागपासून सुमारे सतरा किलोमीटर. आम्ही संध्याकाळच्या अंबा एक्सप्रेसने निघालो, पहाटे मुंबईस उतरलो, बंदरावरून लाँचने मांडव्यास आणि तेथून अलिबागेस गेलो, आणि मग एस. टी. धरली.

ह्या रस्त्यावर अक्षी नावाचे गाव लागते. मराठी शिकविणाऱ्या माणसास ते ओलांडून जाणे जड जाते. शिलाहार राजवटीतला एक मराठी शिलालेख तेथे सापडला. त्यावरील शक ९३४ म्हणजे सन १०१२ असा वाचला जातो. ह्या वाचनावर विद्वानांत मतभेद आहेत, पण मराठीच्या अगदी जुन्या लेखांत त्याची गणना होते ह्याबद्दल वाद नाही. मी नातीस म्हणालो, "बाई, मराठीचा जुना दगड इथे आहे आणि मराठी गद्याचा जुना ग्रंथ आपल्या रिद्धपुरी." म्हाइंभटांचे लीळाचरित्र अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचे, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातले. आता तेथे मराठी भाषेचे विद्यापीठही उभे राहिले आहे. नातीने ते सर्व शांतपणे ऐकून घेतले आणि समुद्र अजून किती दूर आहे ते विचारले.

रेवदंडा गाव एका किल्ल्याच्या पोटात वसलेले आहे. रस्ता तटातून आत शिरतो. आत नारळी-पोफळीच्या वाड्या, विहिरी, कौलारू घरे. मधूनच एखादी पडकी कमान, एखाद्या चर्चची उभी राहिलेली भिंत. गावात बेने इस्रायल समाजाचे सिनेगॉगही आहे. ह्या समाजाची जी परंपरा आहे तीप्रमाणे त्यांच्या पूर्वजांचे जहाज येथून जवळच नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटले. तेल गाळण्याचा धंदा करणारी आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारी ही मंडळी म्हणून कुलाब्याच्या खेड्यांतून त्यांस शनवार तेली म्हणत. तटाच्या पश्चिमेस उतरले की सुरूची झाडे लागतात, आणि त्यांच्यापुढे वाळू.

ही वाळू पांढरी नाही, काळसर आहे. प्रथम मुलांस ती मळकी वाटली. पण विचार केला तर ती आमच्या ओळखीची आहे. सह्याद्रीच्या ज्या काळ्या पाषाणाचे चूर्ण येथे वाळू होऊन पसरले आहे, त्याच जातीच्या पाषाणाची झीज होऊन वऱ्हाडची कापसाची काळी माती झालेली आहे. आमच्या सौभाग्यवतींचे माहेर दर्यापूरकडचे, म्हणजे पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले. त्यांनी पायाशी आलेल्या लाटेचे पाणी बोटाने जिभेस लावून पाहिले आणि शेरा दिला, "आमच्या विहिरीहून जरासंच जास्त खारं हाये." खारपाणपट्ट्यातील लोक पिढ्यान्‌पिढ्या खाऱ्या पाण्याची विहीर आणि गोड्या पाण्याची पायपीट सोशीत आले आहेत, दहीहंड्याच्या बाजूस तर पूर्वी खाऱ्या विहिरींतून मीठही काढीत असत. तेव्हा समुद्र त्यांस अगदीच परका वाटला नाही.

मुलांना पाण्यात सोडण्यापूर्वी मी किनाऱ्यावर जाळे विणीत बसलेल्या एका वृद्ध कोळ्याजवळ चौकशी केली. त्यांनी मला प्रथम तिथी विचारली. शुद्ध नवमी होती. तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ निघते, हा त्यांचा हिशेब. नवमीची पाऊणपट पावणेसात. म्हणजे सकाळ-संध्याकाळ पावणेसातच्या सुमारास भरती आणि दुपारी एकच्या सुमारास ओहोटी. गणित शिकविण्यात जन्म घालविलेल्या मला हे सूत्र इतके आवडले की ते मी तेथेच वहीत उतरून घेतले. भरतीची वेळ दररोज पाऊण तासाहून थोडी अधिक मागे पडते, हे त्याचे मूळ. शिवाय अष्टमी-नवमीच्या भरतीस ते 'भांगाची भरती' म्हणतात. पाणी थोडे चढते, थोडे उतरते, ओढ कमी असते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणास हीच वाळू निराळी दिसते. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. पाणी चढत असेल तेव्हा मुलांस न्या, उतरत असेल तेव्हा नको. आणि दक्षिणेस, नदीच्या मुखाकडे, कोणत्याही वेळी नको, कारण ओहोटीस सगळी खाडी त्या वाटेने बाहेर धावते. आम्ही तीन वाजता मुलांस पाण्यात सोडले. गुडघाभर पाण्यात ती दोन तास खेळली. लाट येई ती पायांस गुदगुल्या करण्यापुरती.

मी सुरूच्या सावलीत बसून पलीकडे पाहत होतो. मुखाच्या दक्षिण बाजूस कोर्लईची टेकडी आहे, लांबोडकी, समुद्रात नाक खुपसून बसलेली. तिच्या पाठीवर तटबंदीची रेघ चढत गेलेली दिसते. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या लाटांचे बळ ती पुष्कळसे आपल्या अंगावर घेते. पलीकडच्या काठावर साळाव आणि तेथला कारखाना. खाडीच्या पाण्यात डोल जाळ्यांचे खुंट रांगेने उभे होते. डोल म्हणजे तोंड रुंद आणि शेवट निमुळता अशी पिशवी. ती ह्या खुंटांस बांधावयाची, आणि भरती-ओहोटीच्या धारेने मासळी आपोआप आत येते.

त्या खुंटांकडे पाहता पाहता मला सन १५०८ आठवला. त्या वर्षाच्या मार्च महिन्यात इजिप्तच्या सुलतानाचे आरमार अमीर हुसेनच्या हाताखाली ह्याच मुखात शिरले. त्यास दीवचा मलिक अयाझ येऊन मिळाला. आत नांगर टाकून पोर्तुगीजांचा एक तांडा होता, त्याचा नायक व्हाइसरॉय आल्मैदाचा तरुण मुलगा लोरेन्सो. तोफांची झुंज झाली. पोर्तुगीज जहाजे बाहेर पडू लागली तेव्हा लोरेन्सोचे जहाज धारेबरोबर वाहत जाऊन कोळ्यांच्या ह्या असल्या खुंटांत अडकले आणि सुटेना. गोळ्याने त्याचा पाय निकामी झाला. डोलकाठीशी बसून तो हुकूम देत राहिला, आणि दुसऱ्या गोळ्याने त्याचा अंत झाला. हिंदुस्थानच्या समुद्रात पोर्तुगीजांचा हा पहिला मोठा पराभव. बापाने पुढल्याच वर्षी, फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवच्या लढाईत त्याचा सूड घेतला, आणि त्या लढाईपासून पश्चिम समुद्रावर पोर्तुगीजांचा अंमल बसला. इतिहासाच्या पुस्तकांत तोफांची आणि गलबतांची संख्या दिलेली असते. एका आरमाराच्या नायकास मासेमारीच्या खुंटांनी धरून ठेविले हे वाक्य त्यात बहुधा नसते.

हे मुख मुळात एवढे महत्त्वाचे का? कारण ते शांत आहे. मुले खेळण्यास जी जागा सोयीची, तीच गलबतास नांगर टाकण्यास सोयीची. उथळ उतार, एका बाजूस आडोशाची टेकडी, आत खोल शिरणारी खाडी, आणि खाडीच्या वरच्या टोकापासून घाटावर जाणारी वाट. रेवदंड्याच्या लगतचे चौल हे बंदर म्हणूनच फार जुने आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत 'चेमुल' हे नाव येते. ग्रीक नाविकांच्या व भूगोलकारांच्या ग्रंथांतील 'सेमुल्ल', 'सिमुल्ल' ही नावे विद्वान ह्याच गावाशी जोडतात. सन ९१६ च्या सुमारास मसूदी हा अरब प्रवासी येथे आला तेव्हा त्याने येथील मुसलमान वस्ती दहा हजारांच्या घरात सांगितली आहे. त्याचा 'बल्हरा' राजा म्हणजे राष्ट्रकूट. आमचे वऱ्हाडही त्या काळी त्याच छत्राखाली होते. सन १४६९ च्या सुमारास अफानासी निकितीन हा रशियन व्यापारी एक घोडा घेऊन येथे उतरला, आणि जुन्नरवरून बेदरास गेला. जुन्नरास तेथल्या सुभेदाराने त्याचा घोडा काढून घेतला होता, तो मोठ्या मिनतवारीने परत मिळाला, ही त्याची हकीकत मजेदार आहे. त्याचा एक स्मृतिस्तंभ आज रेवदंड्यास एका शाळेच्या आवारात उभा आहे. शाळेच्या आवारात, हे मला विशेष बरे वाटले.

निकितीन ज्या बहामनी राज्यातून फिरला त्याचे पुढे पाच तुकडे झाले. त्यांपैकी दोहोंशी आपणांस आज कर्तव्य आहे. फतहुल्ला इमादुल्मुल्क हा मूळचा विजयनगरच्या मुलखातला हिंदू मुलगा, लढाईत धरला गेलेला. तो वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र झाला. त्याची इमादशाही. अचलपूर ही तिची राजधानी, आणि गाविलगड व नरनाळा हे तिचे दोन डोळे. त्याच वर्षी मलिक अहमदाने निजामशाही स्थापिली. त्याचे घराणे मूळचे पाथरीच्या ब्राह्मण कुळकर्ण्यांचे. ही पाथरी इमादशाहीत, आणि निजामशहास ती आपले वतन म्हणून हवी. तेवढ्यावरून दोन घरांत जे वैर लागले ते शेवटपर्यंत गेले नाही. चौल बंदर निजामशाहीत होते. १५२१ मध्ये पोर्तुगीजांनी बुऱ्हाण निजामशहाकडून येथे किल्ला बांधण्याची परवानगी मिळविली. घोड्यांचा व्यापार चालावा आणि जकात मिळावी, एवढाच शहाचा हेतू असावा. पाहुण्यास ओसरी दिली, आणि पाहुण्याने घर बांधले.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. १५६५ मध्ये तालिकोटच्या लढाईत विजयनगर पडले, आणि दख्खनच्या शहांस आपल्या एकीचा प्रथमच प्रत्यय आला. ती एकी पोर्तुगीजांवर वळवावी असे ठरले. १५७० च्या अखेरीस विजापूरच्या आदिलशहाने गोव्यास वेढा घातला, आणि निजामशाहीचा तरुण सुलतान मुर्तझा हा स्वतः सैन्य घेऊन चौलवर आला. पोर्तुगीज बखरकार चौतीस हजार घोडा, लाखभर पायदळ आणि साडेतीनशेच्या वर हत्ती सांगतात. शत्रूची संख्या शत्रूने सांगितलेली. तिच्यातून किती वजा करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे. पण फौज प्रचंड होती आणि आत शिबंदी अगदी थोडी होती, ह्यात शंका नाही. सहा-सात महिने वेढा चालला. तटाबाहेरचे मठ आणि घरे एकेक करून लढली गेली. आज जे पडके अवशेष नारळींच्या सावलीत दिसतात त्यांच्या आसपास त्या वेळी सुरुंग खणले जात होते. झामोरिनाची गलबतेही निजामशहाच्या मदतीस आली, पण त्यांचे काही चालले नाही. जुलै १५७१ मध्ये निजामशहाने तह केला आणि तो परत फिरला.

एवढ्या फौजेस हा लहानसा कोट का घेता आला नाही? फेरिस्ता, जो लहानपणी अहमदनगरच्या दरबारात वाढला, तो दोष सरदारांस देतो. त्यांनी पोर्तुगीजांकडून भेटी घेतल्या, विशेषतः मद्याच्या, आणि रात्री आत दाणापाणी जाऊ दिले, असे तो म्हणतो. तसे घडलेही असेल. पण मी त्या संध्याकाळी भरतीचे पाणी खाडीत शिरताना पाहत होतो, आणि मला दुसरे एक कारण डोळ्यांसमोर दिसत होते. जमिनीच्या बाजूने तुम्ही लाख माणसे उभी करा. ह्या किल्ल्याची पाठ पाण्याकडे आहे. गोव्याहून, वसईहून गलबत यावे, भरती साधून मुखात शिरावे, तटाखाली माणसे आणि पिंपे उतरावीत, आणि ओहोटीबरोबर परत जावे. दिवसातून दोनदा समुद्र आपण होऊन किल्ल्याचे दार उघडीत होता. ते दार बंद करण्यास आरमार लागते, आणि निजामशहापाशी त्या तोडीचे आरमार नव्हते. घोडा, हत्ती आणि सुरुंग ह्यांनी वाळू जिंकता येते, पाणी नाही.

श्रोतेहो, येथवर ही गोष्ट कोकणची. आता ती आमच्या दारात येते.

चौलहून हात चोळीत परतलेल्या मुर्तझास आणि गोव्याहून तसाच परतलेल्या आदिलशहास, दोघांसही मुलूख हवा होता. समुद्राकडे तो मिळेना. तेव्हा दोघांनी आपसांत वाटणी ठरविली. आदिलशहाने कर्नाटकात पसरावे आणि निजामशहाने वऱ्हाड व बेदर घ्यावे, एकाने दुसऱ्याच्या आड येऊ नये. वऱ्हाडात त्या वेळी कारभार तुफालखान नावाच्या वजिराच्या हाती होता. लहानग्या बुऱ्हाण इमादशहास त्याने नरनाळ्यावर कोंडून ठेविले होते. खऱ्या धन्याची सुटका करावयाची, हे निमित्त मुर्तझाने पुढे केले. ज्याची सुटका करावयाची त्याचे राज्य आपण घ्यावयाचे, ही रीत काही नवी नव्हती आणि पुढेही जुनी झाली नाही.

नरनाळा अकोला जिल्ह्यात, अकोटच्या उत्तरेस सातपुड्यात आहे. ज्यांनी तो पाहिला आहे त्यांस त्याचा विस्तार ठाऊक आहेच. त्याचा महाकाली दरवाजा १४८७ मधला, म्हणजे फतहुल्ला अद्याप बहामनी सुभेदार होता त्या काळचा. त्यावरील कोरीव काम पाहून वाटते की हा माणूस सुभेदारी करीत असतानाच राज्याचा विचार करीत होता. गडावर बावीस तळी होती असे सांगतात. तेव्हा पाण्याची ददात नव्हती. तुफालखान तेथे शिरला, आणि त्याचा मुलगा शमशेरुल्मुल्क गाविलगडास. मुर्तझा आणि त्याचा वजीर चंगीझखान ह्यांनी वेढा घातला. तो लांबला, आणि शेवटी पैका चारून किल्ल्यातील माणसे फोडली गेली, असे फेरिस्ताच लिहितो. नरनाळा पडला, पाठोपाठ गाविलगड गेला. बाप, लेक आणि तो बंदिवान बालराजा हे सर्व निजामशाहीतल्या एका किल्ल्यावर पाठविले गेले आणि तेथेच मेले. सन १५७४. वऱ्हाडचे स्वतंत्र राज्य, जे चौऱ्यांशी वर्षे टिकले होते, ते संपले.

मी हे वर्गात असे शिकवीत असे, की तुफालखानाच्या घरभेदीपणामुळे इमादशाही बुडाली. परीक्षेतही हेच कारण लिहिलेल्या मुलास गुण देत असे. ते खोटे नाही. पण ते निम्मे आहे. चौलचा कोट १५७१ मध्ये पडला असता, आणि त्या बंदराची जकात व घोड्यांचा व्यापार पुनः सर्वस्वी निजामशहाच्या हाती आला असता, तर त्याने त्याच वेळी सातपुड्याची वाट धरली असती काय? पाथरीचे वैर जुने होते हे खरे. केव्हा ना केव्हा तो आलाच असता असेही कोणी म्हणेल. माझे मत एवढेच, की तीन वर्षांनी, इतक्या मोकळ्या हाताने आणि आदिलशहाची संमती खिशात घेऊन तो नरनाळ्याखाली उभा राहिला, ह्याचा निम्मा कारणभाग ह्या काळसर वाळूवर पडलेला आहे. आणि दोन वेढे शेजारी शेजारी ठेवून पाहिले तर एक फरक ठळक दिसतो. लाच दोन्हीकडे झाली; दोन्हीकडे बाहेरची फौज मोठी आणि आतली लहान. पण नरनाळ्याच्या पाठीस समुद्र नव्हता. गडावर बावीस तळी असून त्यांतले एकही गलबत आणू शकणारे नव्हते. एकदा खालचे रान अडविले की आत असेल तेवढ्यावर दिवस काढावयाचे, आणि आतल्या माणसांच्या इमानावर.

ज्या विद्यार्थ्यांस मी निम्मेच कारण शिकविले, ते आता ठिकठिकाणी संसार करीत आहेत. त्यांपैकी कोणी हे भाषण ऐकत असतील तर त्यांनी हा दुरुस्तीपत्रक म्हणून लावून घ्यावा.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. मुर्तझा पुढे विक्षिप्त झाला, एकांतात राहू लागला. लोक त्यास दिवाणा म्हणत. १५८८ मध्ये पोटच्या मुलाने त्यास मारविले. वऱ्हाडही त्याच्या घराण्यास फार दिवस लाभले नाही. १५९६ मध्ये चांदबिबीस ते मोगलांच्या पदरात घालावे लागले. इकडे खाडीच्या मुखावर बुऱ्हाण निजामशहा दुसरा ह्याने १५९४ मध्ये कोर्लईच्या टेकडीवर किल्ला बांधावयास घेतला. तेवीस-चोवीस वर्षांपूर्वी जे मुख बंद करता आले नव्हते ते वरून तोफा रोखून बंद करावे हा त्याचा विचार, आणि तो बरोबर होता. पण पोर्तुगीजांनी त्याच वर्षी टेकडीच काबीज केली. संभाजी महाराजांनी १६८३ मध्ये चौलास वेढा दिला होता. वसईच्या विजयानंतर मराठ्यांनी कुलाब्याच्या बाजूसही जोर केला, आणि १७४० च्या तहाने रेवदंडा व कोर्लई दोन्ही पोर्तुगीजांच्या हातून गेली. तोवर बंदराचा जीव कमी झालाच होता. मुख गाळाने भरत होते, मोठी जहाजे मुंबईस जात होती, चौलचे विणकरही मुंबईकडे वळले होते. ज्यांस ह्या साऱ्याचा तपशील हवा त्यांनी डॉ. गर्सन द कुन्हा ह्यांचा चौल आणि वसई ह्यांवरील १८७६ चा इंग्रजी ग्रंथ पाहावा. जुना आहे, पण गावात पाय झिजवून लिहिलेला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तो सातखणी नावाचा मनोरा पाहिला. तो चर्चचा मनोरा. वरचे मजले पडले आहेत, पायथ्याशी तोफा पडल्या आहेत, आणि आतून आभाळ दिसते. मग पूल ओलांडून कोर्लईस गेलो. पोर्तुगीज सत्ता जाऊन पावणेतीनशेहून अधिक वर्षे झाली, तरी टेकडीखालच्या त्या ख्रिस्ती वस्तीत घरोघर एक पोर्तुगीज वळणाची बोली चालते. बोलणारे हजाराच्या आसपास. ते तिला 'नॉ लिंग' म्हणतात, म्हणजे 'आमची भाषा'. क्रियापदाची रचना पुष्कळशी मराठीच्या अंगाने गेलेली. एका दारात एक आजी नातवास काही रागावून सांगत होत्या. शब्द एकही कळला नाही, पण अर्थ पूर्ण कळला. आमच्या नातवाने मजकडे पाहिले आणि तो मुकाट्याने माझे बोट धरून चालू लागला.

परतताना पुलावरून नातीने विचारले, "आजोबा, ही नदी कुठून येते?" कुंडलिका सह्याद्रीतून, भिऱ्याकडून येते. पण तेथेही एक गंमत आहे. मुळशीचे पाणी, जे स्वभावाने पूर्वेस भीमा-कृष्णेच्या वाटेने बंगालच्या उपसागरास जावयाचे, ते १९२७ पासून बोगद्या-नळांतून भिऱ्याच्या वीजघरावर खाली सोडले जाते आणि ह्या खाडीस येऊन मिळते. मुळशीच्या लोकांनी त्या धरणाविरुद्ध १९२१ पासून सत्याग्रह केला. सेनापती बापटांचे नाव त्यानेच घरोघर झाले. म्हणजे पाण्याची वाटही माणूस वळवितो, आणि ज्यांची शेते त्यात बुडतात त्यांस विचारतोच असे नाही. एवढे सगळे मी तिला सांगितले नाही. "डोंगरातून येते," म्हटले.

"आणि आपली पूर्णा का नाही इकडे येत?"

तिला मी वाळूवर काठीने नकाशा काढून दाखविला. सातपुडा, त्याखाली पूर्णा, चांगदेव, तापी, सुरत. नरनाळ्याच्या ठिकाणी तिने एक शिंपली ठेविली आणि रेवदंड्याच्या ठिकाणी दुसरी. दशमीचा दिवस होता, दुपार कलली होती, आणि पाणी चढावयास लागले होते. आम्ही सामान गोळा करीतो तो लाट सुरतेपर्यंत आली.